मागची भिंत

दार उघडलं नाही. तिनं सवयीनं तळवा टेकवून ढकललं होतं. हातात चित्रफळी, कागदांच्या गुंडाळ्या, लांब पट्टी असं सगळं असलं तरी नुसत्या खांद्यानं उघडावं म्हणून इमारतीच्या नकाशात ते दार तिनंच बिनकडीचं काढलं होतं, तेव्हा कडी शोधायचा प्रश्नच नव्हता. मनगटाला हिसका बसला, कळ कोपरापर्यंत गेली, आणि क्षणभर तिला वाटलं, आपणच चुकलो, दुसऱ्याच कुठल्या तरी इमारतीत शिरलो. मग चष्मा वर सरकवून तिनं पाहिलं. दाराला बाहेरून कडी ठोकलेली होती, कडीला कुलूप होतं, आणि वर पत्र्याच्या पाटीवर 'भांडार' असं कुणीतरी रंगानं लिहिलं होतं. अक्षर वाकडं होतं. या इमारतीत वाकडं अक्षर लिहायचं धाडस कुणाला झालं, हा तिच्या मनातला पहिला विचार. दुसरा विचार पोटातून आला. सकाळची गोळी लघवीची होती. एका मूत्रपिंडानं केव्हाच राजीनामा दिलाय आणि दुसरं वेळ काढतंय, असं ती डॉक्टरांना म्हणायची आणि डॉक्टर हसायचे नाहीत.

"काय पाहिजे आजी?" स्टुलावरचा शिपाई न उठता म्हणाला.

"इथं बायकांचं स्वच्छतागृह होतं."

"ते वर गेलं. तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या टोकाला."

"वर गेलं म्हणजे? पाय फुटले का त्याला?"

"मी नोकरीला लागलो तेव्हापासून इथं भांडारच आहे. मोडक्या खुर्च्या आहेत आत." त्यानं तिला जरा निरखून पाहिलं. "लिफ्ट नाही हां इथं. दमानं जा."

लिफ्ट नाही हे त्यानं तिला सांगावं! लिफ्टची जागा तिनं सोडून ठेवली होती, पुढंमागं पैसे आले की बसवतील म्हणून. त्या जागेत आता पाण्याचं यंत्र होतं आणि यंत्राखाली कायमचं ओल आलेलं फडकं. ती जिन्याशी आली आणि कठड्याला धरून उभी राहिली. तोंड कोरडं पडलं होतं. हा कोरडेपणा तिच्या ओळखीचा होता, फार जुना. विद्यार्थी असताना, याच संस्थेच्या जुन्या इमारतीत, ती सकाळी घोटभर पाणी पिऊन घराबाहेर पडायची आणि संध्याकाळी घरी जाईपर्यंत पाण्याला शिवायची नाही, कारण त्या इमारतीत तिच्यासाठी जागाच नव्हती. वर्गात मुलगी एकच, तिच्यासाठी कुठं वेगळी सोय करता, असं कार्यालयातल्या मोठ्या कारकुनानं तिच्या वडिलांना अगदी प्रेमानं समजावलं होतं. अगदीच निकड झाली तर रस्ता ओलांडून समोरच्या इस्पितळात जायचं, बाह्यरुग्णांच्या रांगेत उभं राहायचं, मग आत सटकायचं. तिथल्या आयाला वाटे, ही पोर कसल्या तरी लांबलेल्या दुखण्याची पेशंट आहे. ती आपुलकीनं विचारायची, "आज कसं वाटतंय?" आणि ही म्हणायची, "बरं आहे." उन्हाळ्यात शाईचा, नकाशांच्या प्रतींना येणाऱ्या अमोनियाचा, घामट मनगटाखाली सुरकुतलेल्या कागदाचा वास घशात बसायचा आणि जीभ टाळ्याला चिकटायची. म्हातारे प्राध्यापक तिच्या फळीशी येऊन म्हणायचे, मुलींना लांबी कळते, रुंदी कळते, उंची कळत नाही. मुलं हसायची. ती घशाला कोरड पडलेली असताना गप्प बसायची, कारण तोंड उघडलं तर आवाज चिरकायचा. पहिली स्त्री वास्तुविशारद, पहिली स्त्री, म्हणून पेपरात तिचा फोटो आला तेव्हा वडील तो पाकिटात घालून फिरले होते. पहिली म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं. पहिली म्हणजे शेजारची खुर्ची रिकामी.

म्हणून पुढं, संस्थेची नवी इमारत तिच्याकडे आली तेव्हा, तिनं कोऱ्या कागदावर पहिली रेघ मारली ती याच दाराची. प्रवेशाच्या उजव्या हाताला, उजेडात, कुणाला विचारावं लागू नये अशा जागी. सहकाऱ्यांना आयतं कोलीत मिळालं. बाईंनी आधी संडास काढला आणि उरलेल्या जागेत कॉलेज बसवलं, ही कोटी वर्षानुवर्षं चालली, नव्या मास्तरांना नोकरीच्या पहिल्या आठवड्यात सांगितली जायची. तिनं ती एकदा स्वतःच भाषणात सांगून टाकली आणि मग तिच्यातला जोर गेला. पण कोटी खरीच होती. आणि आता त्या जागेत मोडक्या खुर्च्या होत्या. तिला राग यायला हवा होता. त्याऐवजी फार एकटं वाटलं.

ती आज 'नाही' म्हणायला आली होती. काम तेवढंच. गेल्या वर्षभरापासून ही इमारत पाडायचं घाटत होतं. जागा मोक्याची, मजले तीनच, तिथं उंच टॉवर उभा राहिला तर संस्थेचं भलं होईल, असं मंडळाचं म्हणणं. जुन्या विद्यार्थ्यांनी ओरड केली, वर्तमानपत्रांतून पत्रं आली, कोर्टाची भाषा झाली, तेव्हा मंडळानं मोठ्या शहाणपणानं ते लोढणं तिच्या गळ्यात अडकवलं. मॅडम हयात आहेत, इमारत त्यांची आहे, त्या नाही म्हणाल्या तर डागडुजी करू, हो म्हणाल्या तर कुणी तोंड उघडायचं नाही. निरोप आला त्या दिवसापासून ती तो एक शब्द घोकत होती. तिला दुसरी इमारत नव्हती. बंगल्यांच्या गच्च्या होत्या, कुणाच्या दवाखान्याचा पुढचा भाग होता, एका शाळेचे दोन वर्ग होते. बायका कामं घेऊन यायच्या, सोबत नवरा नाही तर सासरा असायचा, आणि तो म्हणायचा, बाकीचं आम्ही पाहतो, स्वयंपाकघर तेवढं तुम्ही बघा. तिला स्वतःला चहासुद्धा धड जमत नसे, आणि तिनं शहरभर स्वयंपाकघरं काढली. बाकीचं आयुष्य शिकवण्यात गेलं. शिकवलेलं दिसत नाही. ही एक गोष्ट दिसत होती, हात लावता येत होता, पावसात ओली होत होती.

"नाही म्हणायचं आणि निघून यायचं," धाकट्या बहिणीनं निघताना बजावलं होतं. दोघी एकत्र राहायच्या. बहीण विधवा होती आणि हिचं लग्न झालं नव्हतं, केलं नव्हतं, दोन्ही खरं. "भाषण ठोकत बसू नकोस. समोरचा माणूस विद्यार्थी दिसला की तुझी गाडी सुटते. आणि स्वेटर घाल, तुझ्या त्या इमारतीत माणूस गारठतो."

"उत्तरेचा प्रकाश आहे तो. चित्र काढायला उत्तरेचाच प्रकाश लागतो."

"असेल. पण दातखीळ बसते त्याचं काय?"

जिन्याच्या पायऱ्या बसकट होत्या. मुलांनी येता-जाता टेकावं, वाद घालावेत, वर्गात जे शिकवलं जात नाही ते इथं शिकावं म्हणून तिनं त्या तशा काढल्या होत्या, आणि आता म्हातारपणी तिचे स्वतःचे गुडघे तिला दुवा देत होते. पहिल्या वळणावर खांबाला उभा तडा गेलेला दिसला आणि तड्यावर आडवी चिकटवलेली काचेची पट्टी. तडा वाढत असला तर काच आधी फुटते. ही युक्ती तिनंच पोरांना शिकवली होती. तिनं वाकून, जवळून पाहिलं. काच धड होती, वर वर्षांची धूळ बसली होती. म्हणजे तडा मेलेला होता. इमारत धडधाकट होती. तिच्या छातीत एकदम ऊब आली, आपलं पोर परीक्षेत पास झाल्यावर येते तशी, आणि तिला स्वतःचंच हसू आलं.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक मुलगी पायरीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. तिनं वर पाहिलं, या बाई धापा टाकताहेत हे तिला दिसलं, आणि ती लगेच उठली. "कुठं जायचंय आजी? हात देऊ?"

"तिसऱ्या मजल्यावर. बायकांचं."

"अरे बापरे. चला. आम्हीपण रोज शिव्याच घालतो, खालून वर यायचं म्हणजे. कुणी काढलीय काय माहीत." तिनं दंडाला धरलं. हात गरम होता, नखांवर फिका निळा रंग. "पण पाडणार आहेत आता. बरं होईल. या भिंती इतक्या जाड आहेत ना, नेटच लागत नाही."

"प्रकाश कसा आहे वर्गात?"

मुलगी थांबली. बहुतेक असा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. "प्रकाश भारी आहे," ती म्हणाली. "म्हणजे लक्षात येत नाही. पण दुसऱ्या कॉलेजात गेलं ना, की डोळे दुखतात."

लक्षात येत नाही, हे तिनं स्वतःशी पुन्हा म्हटलं. एवढं मोठं प्रशस्तिपत्र तिला कुणी दिलं नव्हतं. मुलीनं तिला दाराशी सोडलं, आत गेल्यावर कडी नीट लागत नाही म्हणून बाहेर उभी राहिली, आणि ती बाहेर आल्यावर हात हलवून खाली पळाली. तिला नाव विचारायचं राहिलं. तिच्या वयाची असताना आपल्यासाठी असं दाराशी कुणी उभं राहिलं असतं तर, असा एक विचार आला, आणि तो तिनं पुढं वाढू दिला नाही.

प्राचार्यांची खोली म्हणजे वरच्या मोठ्या वर्गाचा प्लायवूड लावून तोडलेला तुकडा होता. प्राचार्य तिचा जुना विद्यार्थी. वर्गात त्याला सगळे सावल्या म्हणायचे, तीही मनात तसंच म्हणायची. त्याच्या चित्रात सावल्या अप्रतिम असत. झाडाची, छज्ज्याची, माणसांची सावली अशी पडायची की पाहत राहावं. आणि सावली ज्या इमारतीची, तिला धड जिनाही नसायचा. ती म्हणायची, बाबा रे, आधी वस्तू, मग सावली. तो मान डोलवायचा. फार गोड मान डोलवायचा. ती मान अजून तशीच होती, केस तेवढे गेले होते.

"मॅडम! मला खाली फोन करायचा, मी आलो असतो ना न्यायला." त्यानं खुर्ची पुढं ओढली, पंखा कमी केला, पाण्याचा पेला सरकवला. टेबलावर मोठे कागद पसरले होते. तिनं तिकडे न पाहायचं ठरवलं होतं. पण डोळे ऐकत नाहीत. वरच्याच कागदावर ही इमारत होती, नव्यानं मोजून काढलेली, आणि सगळी तुटक रेघेत. जे उभं राहायचं ते सलग रेघेनं, जे पाडायचं ते तुटक, हेही तिनंच पहिल्या वर्षाला शिकवलेलं. जिना तुटक, खांब तुटक, खालचं ते दार तुटक. तिच्या कानांत गुणगुणल्यासारखं झालं. आपल्या माणसाचं प्रेत पाहताना जसं आधी कपडे ओळखू येतात, तशी तिला खिडक्यांची मापं ओळखू आली.

"नुसती रूपरेषा आहे मॅडम. अजून काही ठरलेलं नाही."

"कंत्राटदाराचा शिक्का दिसतोय खाली."

"ते आपलं अंदाजपत्रकासाठी." तो हसला. "मॅडम, तुम्हीच म्हणायचात, इमारतीच्या प्रेमात पडू नका."

मास्तरानं विद्यार्थ्यांना सांगितलेलं कधी ना कधी फिरून अंगावर येतं, हे तिनं पुष्कळदा अनुभवलं होतं. ती भाषण करणार नव्हती. तिनं पेला उचलून दोन घोट पाणी घेतलं, पेला खाली ठेवला आणि म्हणाली, "जिन्यातली काच पाहिलीस? धड आहे. इमारतीला काहीही झालेलं नाही. माझं उत्तर 'नाही' आहे."

तिला वाटलं होतं तो वाद घालेल. त्यासाठी तिनं मुद्दे काढून ठेवले होते, रात्र-रात्र अंथरुणात पडून. त्यानं वाद घातला नाही. त्याच्या चेहऱ्यावर थोडी निराशा आली आणि त्या निराशेमागून सुटल्यासारखं काहीतरी. "ठीक आहे मॅडम," तो म्हणाला. "मी मंडळाला कळवतो. खरं सांगू का, मलाही बरंच वाटलं. तुम्ही आहात तोवर हिला कुणी हात लावणार नाही, हा माझा शब्द." आणि तो उठून कागद गुंडाळायला लागला.

झालं. जिंकली ती. एवढं सोपं होतं. बहिणीला जाऊन सांगायचं, भाषणसुद्धा केलं नाही. तिनं खुर्चीला पाठ टेकली. प्लायवूडच्या वरून वर्गातला उजेड येत होता, तो मुलगी म्हणाली तसा, लक्षात न येणारा. पलीकडे कुणीतरी पुठ्ठा कापत होतं, पात्याचा खर्रखर्र आवाज एका लयीत येत होता. तुम्ही आहात तोवर. त्यानं ते प्रेमानंच म्हटलं होतं. तो गुंडाळी बांधून कपाटात ठेवणार, कपाटात ती गुंडाळी उभी राहणार, आणि वाट पाहणार. डॉक्टर हसत नाहीत ते उगाच नव्हे. तिचं 'नाही' तिच्या त्या एका उरलेल्या मूत्रपिंडाएवढं टिकाऊ होतं. याचं तिला वाईट वाटलं, पण हे तिला येण्याआधीही ठाऊक होतं. मेल्यानंतरचं कुणाला चुकलंय. तेवढ्यात कागद गुंडाळता गुंडाळता तिच्या बाजूला सरकला आणि तिला मागची भिंत दिसली. भिंतीवर तुटक रेघ, आणि शेजारी वर्तुळात एकचा आकडा.

"थांब," ती म्हणाली. "हा एक कसला?"

"ते टप्पे मॅडम. पाडायचा क्रम. पहिल्यांदा मागची भिंत, ट्रक त्या बाजूनं येतील म्हणून. मग काचा, खांब..."

"उलगड तो कागद."

तिचे हात गार पडले होते. स्वेटर अंगावर होता. मागची भिंत नुसती भिंत नव्हती, आणि हे कागदावरून कुणालाही कळलं नसतं, कारण ती दिसायला साधी विटांची भिंत होती. वर्गात एकही खांब नको, असा तिचा हट्ट होता. तेव्हा हिशेब मांडणाऱ्या इंजिनियरनं छत वर्ग आणि मागची भिंत यांच्यामधल्या एका ओळीतल्या खांबांवर तोललं. पुढचा लांब हात वर्गावरून थेट काचांपर्यंत मोकळा, मागचा आखूड हात मागच्या भिंतीत गाडलेला. भिंत जड, म्हणून मागचं टोक उचललं जात नाही. तराजूच्या एका पारड्यात वजन ठेवावं तसं. वजन काढलं की दुसरं पारडं खाली येणार, आणि दुसऱ्या पारड्याखाली माणसं असणार. तो इंजिनियर बोलताना अडखळायचा म्हणून लोक त्याचं ऐकत नसत, आणि ती बाई म्हणून तिचं, तेव्हा दोघांचं जमलं यात नवल नव्हतं. मुकादम तिचं सगळं ऐकून घ्यायचा आणि मग त्याच्याकडे वळून विचारायचा, साहेब काय म्हणतात? तो अडखळत म्हणायचा, म-मॅडम म्हणतात तेच. हे एवढंच वाक्य तो तीन वर्षं म्हणत राहिला, आणि तिनं कधी त्याचे आभार मानले नाहीत. तो जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. त्याचे हिशेब तळघरात पाणी शिरलं तेव्हा लगदा होऊन गेले.

आणि बांधकाम चालू असताना, भिंत पुरती चढायच्या आत कंत्राटदारानं छताखालचे टेकू काढले होते. त्याला टेकू दुसऱ्या साइटवर हवे होते. भिंतीचं वजन पुरं झाल्याशिवाय एकही टेकू हलवायचा नाही, असं तिनं लिहून दिलं होतं, मोठ्या अक्षरांत, खाली रेघ मारून; इंजिनियरनं सही केली होती. कागद मुकादमाच्या खिशात सापडला, नीट घडी घातलेला. दुपारची सुट्टी होती. बहुतेक माणसं खाली झाडाच्या सावलीत जेवत होती. घमेली वाहणारी एक बाई वरच राहिली, छताखाली गार वाटतं म्हणून. सकाळीच तिनं हिला थांबवून विचारलं होतं, "बाई, खालची ती जागा झाल्यावर आम्हाला पण जाऊ देणार का तिथं?" आणि ही म्हणाली होती, "तुझ्यासाठीच तर आहे." आवाज मोठा झाला नाही. सगळे नंतर म्हणाले मोठा आवाज झाला, पण ती फाटकाशी होती आणि तिला जड पोतं जमिनीवर टाकावं तसा एकच आवाज ऐकू आला, मग धूळ, मग माणसांची पळापळ. घमेलं तेवढं बाहेर राहिलं होतं, पालथं. चौकशी झाली. तिचा दोष निघाला नाही, कंत्राटदाराचा निघाला. पेपरात मात्र मथळा आला, महिला वास्तुविशारदाच्या इमारतीचं छत कोसळलं. तिनं पुन्हा सगळं उभं केलं, तेच छत, तीच भिंत, त्याच मापांत. दोष निघाला असता तर बरं झालं असतं असं तिला कधी कधी वाटे, निदान तो कुठं ठेवायचा ते कळलं असतं. त्यानंतर ती प्रत्येक वर्षी प्रत्येक वर्गाला एकच गोष्ट सांगत आली, की इमारत म्हणजे क्रम आहे, काय आधी आणि काय नंतर. सावल्याही त्या वर्गात बसला होता. मान डोलवत होता.

पेन्सिल तिच्या हातात कधी आली ते तिला कळलं नाही. टेबलावरच्या डब्यातून तिनंच घेतली असणार. एकचा आकडा तिनं खोडला. भिंतीवर शेवटचा आकडा घातला. छताला पुढच्या टोकापासून पट्टे पाडले, प्रत्येक पट्ट्याखाली टेकूंच्या जागा दाखवल्या, कुठला पट्टा कापल्यावर कुठला टेकू हलवायचा त्याचे बाण काढले. रेघ सरळ येत होती. हे तिला विचित्र वाटलं, बोटांना अजून आठवतंय याचं. चुकीचं चित्र समोर आलं की हात शिवशिवायचा, उभ्या जन्मात त्याला आवर घालता आला नव्हता. ती थांबली तेव्हा सावल्या तिच्या खांद्यावरून वाकून पाहत होता.

"असं आहे होय हे," तो हळूच म्हणाला. "मॅडम, हे आम्हाला कुणालाच कळलं नसतं."

"कळलं नसतं. मेली असती माणसं."

"नाही नाही. हे आता जपून ठेवतो मी. जेव्हा केव्हा वेळ येईल तेव्हा कंत्राटदाराला हाच कागद..." आणि त्यानं मान डोलवली.

तिनं त्या मानेकडे पाहिलं. तो प्रामाणिकपणेच म्हणत होता. जपून ठेवेल, लेबल लावेल. मग ती जाईल, मग तो निवृत्त होईल, मग दुसरा कुणी येईल, आणि दुसऱ्याचा कंत्राटदार, आणि त्याचा मुकादम कागद नीट घडी घालून खिशात ठेवेल. ट्रक मागच्या बाजूनंच येतील. मागची भिंत दिसायला साधी आहे. लिहून दिल्यानं काही होत नाही, हे जगात तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तिथं कुणीतरी उभं राहावं लागतं, उन्हात, शिव्या खात, आणि ज्याला माहीत आहे असंच कुणीतरी. असे दोघे होते. आता एकच होती, आणि तिचं एक मूत्रपिंड वेळ काढत होतं. तिनं 'नाही' म्हटलं होतं आणि तिचं ऐकलं गेलं होतं, आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या पटकन. त्या 'नाही'खाली पुढं कधीतरी कुणीतरी बाई गार वाटतं म्हणून बसणार होती.

तिला रडू आलं, सरळ, लहान मुलासारखं, आवरायलाही सवड मिळाली नाही. सावल्या घाबरला. पाणी देऊ का, बहिणीला फोन लावू का, असं करायला लागला. तिनं हातानं त्याला थांबवलं आणि पदरानं तोंड पुसलं.

"पाडायची आहे ना तुम्हाला? मग आत्ता पाडा," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी नाही. आत्ता, मी उभी राहू शकते तोवर."

"मॅडम? पण आत्ताच तर तुम्ही..."

"एकच अट. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत मी साइटवर असणार. मी सांगितल्याशिवाय एक टेकू हलणार नाही. मुकादमानं मला विचारायचं, तुला नाही."

"पण तुमची तब्येत..."

"खुर्ची टाका. आणि खालचं ते कुलूप उद्या काढ, कामाला बायका असतील." तिनं पेन्सिल टेबलावर ठेवली. "आणि मान डोलवू नकोस. लिहून घे, आणि लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नकोस."

तो मंडळाच्या अध्यक्षांना कळवायला बाहेर गेला. दाराबाहेर त्याचा आवाज आधी दबका आणि मग चढलेला ऐकू आला. हो म्हणाल्या, हो हो, स्वतः. पलीकडचा पुठ्ठा कापायचा आवाज थांबला होता. तिनं पिशवीतून फोन काढला. बहीण पहिल्याच घंटीला बोलली, म्हणजे फोन हातातच धरून बसली होती.

"म्हणालीस का 'नाही'?"

"म्हणाले."

"मग? ऐकलं?"

"लगेच ऐकलं."

"देवा. सुटलीस बाई एकदाची." मग बहिणीला काहीतरी जाणवलं. "आवाज असा काय तुझा? रडतेस की काय?"

"नाही. ऐक, उद्यापासून मला सकाळी लवकर निघावं लागेल. डबा लागेल. काम मिळालंय."

"तुला? या वयात? कसलं काम?"

ते तिला फोनवर सांगता येईना. घरी आल्यावर बोलू म्हणून तिनं फोन बंद केला, टेबलावरची पेन्सिल घेतली, आणि छत कुठल्या टोकापासून कापायला घ्यायचं ते पाहायला वर्गात गेली.